इस्त्री केलेला केर

मित्रांनो, एखादा अर्ज न वाचताच बाजूला सारला, की मोठी माणसं म्हणतात, "त्याला केराची टोपली दाखवली." ती दाखवायची टोपली म्हणजे मी. जुनी, वेताची आणि एका बाजूने चेपलेली. माझी हकिकत सांगायला बसले आहे खरी, पण आधीच सांगते, ती मला स्वतःलाच नीट कळलेली नाही. तुम्हाला कळली तर बरंच आहे.

मला विणलं होतं फळं ठेवण्यासाठी. विणणाऱ्याने माझा तळ दुहेरी केला, कारण फळांना वजन असतं. पण मला विकत घेतलं ते कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका बाईंनी, आणि घरी नेऊन थेट टेबलाखाली सरकवलं. फळाचा वास काही माझ्या नशिबी आला नाही. माझ्या वाट्याला आले कागदाचे बोळे.

बाईंच्या पहिल्या कादंबरीचं लोकांनी फार कौतुक केलं होतं. त्या भरात त्यांनी ऑफिसातली नोकरी सोडली. "आता लिहिणं हीच नोकरी," असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं आणि खरोखरच नोकरीसारखं सुरू केलं. सकाळचा स्वयंपाक उरकायचा, केस घट्ट बांधायचे आणि टेबलाशी बसायचं. मनासारखं सुचो न सुचो, दुपारपर्यंत उठायचं नाही. दुसरी कादंबरी त्यांच्या आईवर होती. आई इस्पितळात परिचारिका होती. हे पुस्तक उभं राहिलं नाही तर पुन्हा ऑफिसात जायचं, असं नवराबायकोत ठरलं होतं. त्यामुळे बाईंचा जीव टांगणीला लागलेला असे.

आता त्यांची कामाची तऱ्हा ऐका. पान लिहून झालं की त्या ते मोठ्याने वाचत. वाचताना स्वतःच खूश झाल्या, गालातल्या गालात हसल्या किंवा स्वतःच्याच ओळींनी डोळे भरून आले, की त्या पानाचा बोळा होऊन माझ्यात पडे. आणि वाचताना कपाळाला आठ्या पडल्या, दहा ठिकाणी खाडाखोड झाली, की ते पान टेबलावर राही. मी चक्रावून गेले. माझ्या पोटात काय सुंदर सुंदर ओळी होत्या! आईचे हात म्हणजे दमून घरट्यात परतलेली दोन पाखरं, असं एक अख्खं पान होतं. आणि टेबलावर काय होतं? आई उठली. चपला सापडेनात. बस निघायची वेळ झाली. सांगा, यातला केर कुठला? मला वाटे, बाईंची डावी बाजू आणि उजवी बाजू यांत काहीतरी घोळ होतो आहे.

मला रिकामं करण्याचं काम वन्संकडे होतं. वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. त्या याच घरात राहत आणि सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करत. एकदा त्यांनी सहज एक बोळा उलगडला, तो नेमका पाखरांचा. वाचता वाचता त्यांनी पदराने डोळे टिपले. त्या दिवसापासून माझा केर बाहेर गेलाच नाही. कपड्यांची इस्त्री झाली की वन्सं बोळे उलगडत, त्यांवर इस्त्री फिरवत आणि कपाटात रचून ठेवत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, एवढंच मला आठवतं.

मग एके दिवशी बाई बाजारात गेल्या असताना प्रकाशक दारात उभे राहिले. लिहून झालं असेल तेवढं द्या म्हणाले. वन्संनी टेबलावरच्या त्या गिचमिड कागदांकडे पाहून नाक मुरडलं. परक्या माणसाला असलं गबाळ कसं द्यायचं? त्यांनी कपाटातला इस्त्रीचा करकरीत गठ्ठा काढून हातात ठेवला.

चार दिवसांनी फोन आला. बाई म्हणाल्या, "कुठली पाखरं?" आणि टेबलावरचे कागद चाळू लागल्या. प्रकाशक बेहद्द खूश होते. हेच छापू या, लगेच छापू या, म्हणत होते.

गठ्ठा परत आला, पण बाईंचं लिहिणं थांबलं. एका हाताला हा गठ्ठा, दुसऱ्या हाताला टेबलावरचा. कधी हा वाचत, कधी तो.

"अगं, रागावलीस का माझ्यावर?" वन्संनी विचारलं. "मला ते वाचून रडू आलं गं."

"मलाही आलं होतं, वन्सं. म्हणून तर टाकलं," बाई म्हणाल्या. "आईला स्वतःच्या हातांचं कधी रडू आलं नाही. तिला कामावर जायची घाई असायची. पण प्रकाशक तेच छापायला तयार आहेत, आणि माझं मलाच काही कळेनासं झालंय."

"मग मला वाच की दोन्ही. मी इस्त्री करते."

बाईंनी आधी इस्त्रीच्या गठ्ठ्यातलं पान वाचलं. "वा! किती छान लिहितेस गं," वन्सं म्हणाल्या आणि शर्टाची बाही उलटी केली. मग बाईंनी टेबलावरचं खाडाखोडीचं पान वाचलं. वन्संची इस्त्री शर्टावर एकाच जागी थांबली. पान संपलं तरी ती तिथेच. शर्टातून जळका वास आला तेव्हा कुठे त्यांनी दचकून इस्त्री उचलली, आणि विचारलं काय, तर, "मग? मिळाली का तिला बस?"

बाई कितीतरी दिवसांनी हसल्या. त्यांनी तो सुबक गठ्ठा उचलला आणि माझ्यात ठेवला. फेकला नाही, ठेवला. मी मात्र पुन्हा केर सांभाळणारी झाले आणि मला फार वाईट वाटलं.

प्रकाशकांनी तोंड वाकडं केलं, पण टेबलावरचीच कादंबरी छापली. ती बेतानेच खपली. बाई ऑफिसात परत गेल्या नाहीत, पण घरात नव्या चपलाही बरेच दिवस आल्या नाहीत. घरी येणारे वाचक "छान लिहिलंय" म्हणत नसत. ते विचारत, "पुढे तुमच्या आईचं काय झालं?" बाईंना त्याचाच आनंद होई. मला नाही कळत.

आणखी एक सांगायचं राहिलं. गठ्ठा माझ्यात ठेवला त्या दिवशी संध्याकाळी वन्सं मला रिकामं करायला आल्या. त्यांनी पाखरांचं पान हळूच काढून घेतलं आणि कपाटात आपल्या कपड्यांखाली ठेवलं. बाई दारातून बघत होत्या. त्या तशाच मागे फिरल्या.

आता बाई संगणकावर लिहितात. माझा दुहेरी तळही उसवला आहे. नवरा म्हणाला, "ही टोपली टाकून दे आता." बाई म्हणाल्या, "टोपली टाकायला आणखी कुठली टोपली आणू?" आणि त्यांनी तळाला सुतळी बांधली.

मित्रांनो, नको असेल ते खुशाल टाका. टाकावंच लागतं, एवढं मी पाहिलं आहे. पण टाकण्याआधी एकदा वाचा, आणि कुणी माझ्यातून काही उचलून नेलं तर त्याला हसू नका. केर कशाला म्हणायचं, हे मला अजूनही कळलेलं नाही. वन्सं मधूनच कपाट उघडून उभ्या राहतात, आणि तेवढा वेळ इस्त्री गार होत असते.