मेमरी वाढवली आणि घोळ वाढला

व्हायोलिनवाल्या काकांनी गज मांडीवर ठेवला. "बाई, अजून एकदाच वाजवीन. पुन्हा मध्येच तुकडा गळला, तर मी दुसरा स्टुडिओ बघतो."

स्टुडिओची मालकीणबाई काचेतून सुनेकडे असं बघायला लागली, की दुसरी कोणी असती तर जागेवर विरघळली असती. सुनेनंच मोठ्या तोऱ्यात कॉम्प्युटरची मेमरी चौपट केली होती. तेव्हापासून रेकॉर्डिंगमधली खिंडारं उलट रुंदावली होती.

"वहिनी, औषध दिलंत की विष?" दीर दात काढत म्हणाला. "नवं मशीनच मागवू या."

सुनेचे डोळे पडद्यावरच्या आकड्यांवर. तिनं चाचणीसाठी नुसतंच रेकॉर्डिंग लावलं. आवाज आधी मेमरीत साठतो आणि कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरचा आतला कारभारी, तो साठा अधूनमधून डिस्कवर उतरवतो. साठा फुगत गेला, फुगत गेला, आणि कारभाऱ्यानं सगळा एकदम डिस्कवर लोटला. डिस्क गुदमरली. रेकॉर्डिंग ताटकळलं.

सून ताडकन उठली. "आई, साठ्याची मर्यादा मेमरीच्या टक्क्यांत आहे! मी मेमरी चौपट केली, म्हणून तुंबणारा साठाही चौपट झाला."

"कौतुक नंतर कर. निस्तरतं का ते बोल."

"निस्तरतं. टक्के काढून ठरावीक, लहान मर्यादा घालते. आणि कारभाऱ्याला लवकर लवकर उठवते, थोडं थोडं लिहायला."

"म्हणजे भांडी पडली की घासायची. याला एवढं कॉलेज लागलं?"

"कुठल्या नळाखाली घासायची ते कळायला कॉलेज लागलं, आई."

बाईनं तोंड फिरवलं, पण हसू काही लपलं नाही.

काकांनी वाजवायला घेतलं. आधी संथ, मग सूर एकमेकांच्या पाठी लागले. पडद्यावर साठ्याची रेघ जरा चढायची, लगेच उतरायची. दिराचे दात केव्हाच आत गेले होते. शेवटचा सूर थांबेपर्यंत सुनेनं श्वास घेतला की नाही, तिचं तिलाच ठाऊक.

काकांनी डोळे मिटून सगळं पहिल्यापासून ऐकलं. "सलग आहे," ते म्हणाले. "केसाएवढीही फट नाही."

"असणार कशी? सून कोणाची आहे!" बाई गरजली.

काकांनी गज पुन्हा उचलला. "मग आता माझी ती अवघड रचना वाजवतो. रेकॉर्डिंग मध्येच तुटेल म्हणून आजवर कुठेच दिली नाही."

"वाजवा काका," सून म्हणाली आणि पडद्याकडे न बघता खुर्चीत ऐसपैस टेकली.