कढईतलं नाक

आमच्या घराण्याचं नाक गेली चारशे वर्षं नरकात उकळतंय. खोटं वाटत असेल तर पोज्जोमोरोच्या मठात जा. आतल्या चौकाच्या ओवरीत डावीकडची लांब भिंत बघा. वर स्वर्ग, खाली नरक, मधे ढकलाढकली. नरकात एक काळी कढई आहे, कढईत पापी, आणि सगळ्यांच्या पुढे गळ्यापर्यंत तेलात बुडालेला एक दाढीवाला. त्याचं नाक बघा, मग माझं बघा. घारीने बघून लाजावं असलं नाक.

तो आमचा पूर्वज, पाणचक्कीवाला ग्रिफान्यी. मठाच्या पिठात चुना मिसळायचा म्हणे. अख्ख्या मठाची पोटं दगड झाली तेव्हा मठाधिपतींनी चित्रकाराला सांगितलं, ह्याला उकळ. त्याने उकळला.

वर स्वर्गात, मारियेच्या निळ्या झग्याखाली, लोण्याच्या गोळ्यासारखा एक जण हात जोडून बसलाय. हनुवटीला मधोमध खळी, कुणीतरी लाडवात बोट खुपसावं तशी. तो औषधवाला बोन्सिन्योरी. त्याने साधूंना फुकट जुलाब दिला, म्हणून थेट स्वर्ग. त्याचा वंशज आन्सेल्मो बोन्सिन्योरी आजही चौकात औषधाचं दुकान चालवतो. तीच खळी, तोच लोण्याचा गोळा. शाळेत माझ्या बाकावर होता. तेव्हापासून माझ्याकडे वरूनच बघतो. सवय, दुसरं काय.

माझी मठाच्या पायथ्याशी खानावळ आहे. नाव ‘कढई’. लोक वर जातात, भिंत बघतात, घामाघूम होऊन खाली येतात, आणि दारात मी उभा. समोरून बघाल तर मी साधा उबाल्दो, पोट सुटलेला. पण वळून आडवा उभा राहिलो की बायका किंचाळतात. एका बाईच्या हातातलं आइस्क्रीम पडलं. दुसरं मी फुकट दिलं. तिने नवरा, दीर आणि दिराची पोरं बसवून रानडुकराचा रस्सा खाल्ला. शेजारच्या गावातल्या खानावळींचा स्वयंपाक माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मीच सांगतो. पण त्यांच्या घरातलं कुणी नरकात नाही, म्हणून त्यांच्याकडे माशा बसतात आणि माझ्याकडे माणसं.

माझ्या बायकोला, एर्मेलिंदाला, मात्र हे नाक कधी पचलं नाही. लग्नाच्या दिवशी तिच्या आईने मला जवळ घेण्याआधी स्वतःच्या छातीवर क्रूस काढला होता. आणि दर रविवारी चर्चमध्ये आन्सेल्मोची बायको लेओनिल्दे पहिल्या बाकावरून मागे वळून गोड आवाजात विचारते, "काय गं एर्मेलिंदा, पीठ बरं मिळतं ना हल्ली?"

गेल्या वसंतात ओवरीत परांची चढली. चित्रं साफ करायला सरकारने रोमिल्दा नावाची बाई पाठवली. काडीला कापूस गुंडाळायची, तोंडात घालून ओला करायची आणि भिंतीवर फिरवायची. थुंकीसारखं औषध नाही म्हणे.

मी खालून ओरडलो, "मॅडम, सरकार तुम्हाला थुंकायचा पगार देतं? आम्हाला तर दंड करतं!"

"तुमच्या पूर्वजापर्यंत पोचू दे," ती वरून म्हणाली, "त्याच्या तोंडावर थुंकायचा वेगळा भत्ता मागणार आहे."

मला बाई आवडली. पोचू नये असं मात्र वाटायला पाहिजे होतं.

फादर प्लाचिदो हे मठातले सगळ्यात म्हातारे साधू. पाहुण्यांना चित्रं दाखवतात आणि आमच्याकडे वजडी शिजली की वासावर घोड्यासारखे उतार उतरतात. त्या दिवशी वजडी नव्हती, तरी धापा टाकत आले.

"उबाल्दो, नाक निघतंय."

"कुणाचं?"

"तुझं. म्हणजे त्याचं. रोमिल्दाकडे आतलं दाखवणारा कॅमेरा आहे. नाक आणि दाढी दोन्ही नंतर चढवलंय. मूळ चित्र ओल्या गिलाव्यावरचं, हे वरून सुक्यावर फासलेलं. खाली माणूसच वेगळा."

"कोण?"

फादरनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि स्वतःच्या हनुवटीत मधोमध बोट रुतवलं.

"आन्सेल्मोचा पूर्वज?" मी किंचाळलो. "मग वरती स्वर्गात कोण बसलाय?"

"कोणी नाही रे. नुसता एक जाडा माणूस. त्याची खळीही नंतरचीच, त्याच हाताची. कुण्या बोन्सिन्योरीने मागाहून रंगाऱ्याला जेवायला घातलं असणार."

"म्हणजे चुना पिठात नव्हता? जुलाबात होता?"

"ते त्या वेळच्या साधूंना विचारायला हवं, आणि मला इतक्यात तिकडे जायचं नाही," फादर म्हणाले. "काही प्यायला आहे का?"

स्वयंपाकघरातून एर्मेलिंदा हातात सुरी घेऊनच बाहेर आली. तिने फादरच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. सुरी तशीच हातात. फादर डोळे मिटून उभे.

"आम्ही नरकात नाही?"

"कधीच नव्हता, पोरी."

"उबाल्दो, ऐकलंस? आपण सुटलो!"

"सुटलो नाही, बाई, हाकलले गेलो!" मी खुर्चीत बसलोच. "उद्या दारात कोण उभं राहणार? सज्जन माणसाचं नाक बघायला कुत्रं तरी येईल का? पाटीवर काय लिहू, ‘निर्दोष वजडी’?"

"इतकी वर्षं ती बया मला पीठ विचारते."

"विचारू दे की! त्या पिठावरच आपली पोळी भाजते."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की फादरनी ग्लास उचलून दुसऱ्या टेबलाकडे मुक्काम हलवला. तिथून त्यांनी उरलेलं सांगितलं. गुरुवारी शहरातून मोठे साहेब येणार. नाक-दाढी खरवडायची की ठेवायची, ते ठरवणार. वरून चढवलेलं असलं तरी तेही आता जुनंच, त्यामुळे दोन्ही होऊ शकतं. गावाचंही म्हणणं ऐकून घेणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाव ढाराढूर झोपलेलं असताना, मागच्या दारावर टकटक झाली. आन्सेल्मो! खळीची बातमी त्यालाही लागली होती, म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून आला होता. चकचकीत बुटाला कोंबडीची आठवण लागली होती.

"उबाल्दो, आपण जुने मित्र."

"कधीपासून?"

"हे बघ, ते नाक... तुमचं एवढं ऐतिहासिक नाक. ते जाता कामा नये."

मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. माझी अख्खी खानावळ त्या नाकाला टांगलेली, आणि हा गडी तेच नाक वाचवायला आलेला! पण त्याला ते कळलं तर मजा काय? मी चेहरा पाडला. मोठा सुस्कारा सोडला.

"नाही रे आन्सेल्मो. आता नाही सहन होत. आमच्या पूर्वजाचा आत्मा स्वप्नात येतो. म्हणतो, बाळ, पाठ भाजली."

"आत्मा?"

"तेलाचा वास येतो त्याला. बस, जेव."

मी वजडीची थाळी त्याच्यापुढे सरकवली. हा माणूस वीस वर्षं माझ्या गिऱ्हाइकांना सांगत आलाय की उबाल्दोची वजडी म्हणजे हृदयाला फास. त्याने थाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाल्ली. पावाने रस्सासुद्धा पुसून घेतला. मेल्याला आवडली!

"काय पाहिजे तुला?" तो तोंड पुसत म्हणाला.

"मला काय पाहिजे असणार? पण गुरुवारी मी बोललो तर लोक म्हणतील, गिऱ्हाइकासाठी बोलतोय. तू बोल. सगळ्या गावासमोर माझ्या नाकाची तारीफ कर. मनापासून."

त्याची खळी थरथरली. "किती वेळ?"

"माझ्या डोळ्यात पाणी येईपर्यंत."

तो गेल्यावर मी वळलो तर एर्मेलिंदा कोठीच्या दारात. सगळं ऐकलेलं. मी म्हटलं, आता थाळ्या उडणार. पण ती एक शब्द बोलली नाही. वाटाणे सोलत बसली. माझी बायको ओरडते तेव्हा मी निवांत असतो. गप्प बसली की मला रात्रभर झोप येत नाही.

गुरुवारी ओवरीत पाय ठेवायला जागा नव्हती. शहरातले साहेब लांब, वाळक्या शेंगेसारखे. रोमिल्दा परांचीवर पाय सोडून बसलेली. फादर प्लाचिदो सावलीत. पुढे लेओनिल्दे, हातमोजे घालून. आन्सेल्मो उभा राहिला, घसा खाकरला आणि सुरू झाला.

"साहेब, हे नाक म्हणजे नुसतं नाक नव्हे. लहानपणी मला चोरी करावीशी वाटली की मी इथे यायचो. हे नाक बघायचो आणि परत जायचो." खरं सांगू का, तो चांगलं बोलला. नाकाचा बाक, नाकाची धार, नाकाने या गावाला लावलेलं वळण. ग्रिफान्यी नसते तर बोन्सिन्योरींना चांगुलपणाचं मोल कळलं नसतं, असंही म्हणाला. मी रुमाल काढला. डोळ्यांत खरंच पाणी होतं, फक्त हसू दाबल्याचं. लेओनिल्देने हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मान डोलावली. वाचलो! आपण नरकात पक्के!

तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, मी बोलू का? मी त्या नाकाची बायको."

लोक हसले. एर्मेलिंदा कोपरं मारत पुढे आली. म्हटलं, संपलं, ही आता स्वर्ग मागणार.

"नाक राहू द्या," ती म्हणाली. "एवढी वर्षं मी त्याच नरकात भांडी घासलीत, आता तो दुसऱ्या कुणाला देणार नाही. पण साहेब, ती दाढी कुणाची?"

"म्हणजे?"

"ग्रिफान्यींच्या घरात कुणाला दाढीच येत नाही. सासऱ्यांना नव्हती, दिराला नाही. उबाल्दो, ये, गाल दाखव साहेबांना."

मी गेलो. साहेबांनी चष्मा लावून माझा गाल बघितला. खरं सांगतो, माझ्या गालापेक्षा आमच्या बटाट्यांना जास्त केस आहेत.

"जे आमचं आहे ते आम्ही मिरवू," एर्मेलिंदा म्हणाली. "जे नाही ते आमच्या माथी कशाला? दाढी काढा."

आन्सेल्मो लोण्यासारखा पांढरा पडला. "दाढी? छे छे! दाढी तर पाहिजेच! दाढीशिवाय पापी कसला?"

"आपण तर नाकाबद्दल बोलत होता," साहेब म्हणाले.

"दाढीबद्दलही तितकंच प्रेम आहे माझं!"

"मग मघाशी एक शब्द कसा बोलला नाहीत?" साहेबांनी वर बघितलं. "रोमिल्दा, तुमचं काय मत?"

रोमिल्दाने माझ्या बायकोकडे बघितलं. बायकोने रोमिल्दाकडे. या दोघी एकमेकींशी कधी बोलल्या होत्या कोण जाणे. हां, रोज दुपारचा डबा वर एर्मेलिंदाच घेऊन जायची.

"उत्तम कल्पना," रोमिल्दा गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "थोडं जुनं, थोडं नंतरचं. बघणाऱ्याला दोन्ही थर दिसतील."

साहेबांना भूक लागली होती. त्यांनी तिथल्या तिथे मान्य केलं आणि जेवायला माझ्याकडे आले.

दाढी निघायला काही दिवस गेले. मग रोमिल्दाने पडदा बाजूला केला तेव्हा सगळं गाव परत तिथेच. कढईत आमचं नाक होतं, तसंच, घारीचं. आणि त्याच्या खाली, दाढीतून मोकळी झालेली, गुबगुबीत हनुवटी. मधोमध खळी. एकाच तोंडावर आम्ही दोघं, शेजारी शेजारी, तेलात.

तंबाखूच्या दुकानातली म्हातारी आर्जिया काठी टेकत पुढे गेली. डोळे बारीक करून वर बघितलं, मग मला, मग आन्सेल्मोला.

"अगं बाई! हा तर दोघांचा आहे! कुणाच्या आजीने केला हा उद्योग?"

ओवरी फुटली हसून. फादर प्लाचिदोंना धरून बसवावं लागलं. साधू माणूस, पोट धरून "देवा, क्षमा कर, देवा, क्षमा कर," म्हणत होते, पण हसायचं थांबत नव्हते. फादरनी कॅमेऱ्याचा खुलासा करायचा प्रयत्न केला, पण तो कुणाला हवा होता? संध्याकाळपर्यंत चौकात गोष्ट तयार झाली होती: गिरणीवाला, औषधवाल्याची बायको आणि पिठाची पोती. रात्री तिच्यात एक शिडीही आली. कुणी घातली ते मी सांगणार नाही.

रविवारी एर्मेलिंदा चर्चमध्ये सरळ पहिल्या बाकापाशी गेली आणि लेओनिल्देला म्हणाली, "सरक गं जरा. नात्यातल्या माणसांनी लांब लांब बसलेलं चांगलं दिसत नाही." लेओनिल्दे सरकली. काय करते? सगळं चर्च बघत होतं.

आन्सेल्मो मात्र चिडला. दुसऱ्या दिवसापासून गळ्याभोवती लोकरी मफलर, खालच्या ओठापर्यंत. बाहेर ऊन असं की सरडे सावली शोधतायत आणि हा मफलरात. विचारलं तर म्हणतो, घसा बसलाय. मी आता गिऱ्हाइकांना जेवण वाढताना सांगतो, "अर्धा पापी इथे बघितलात. उरलेला अर्धा चौकात, औषधाच्या दुकानात. दुपारी बंद असतो."

लोक जातात. मफलर जरा खाली करा म्हणून गळ घालतात. तो नाही म्हणतो. मग त्यांना उगाच ओशाळल्यासारखं होतं आणि ते काहीतरी विकत घेतात, खोकल्याच्या गोळ्या, उन्हाचं मलम. परवा एका हॉलंडच्या पोरीने तर अंघोळीचे साबण पिशवीभर घेतले.

काल मी त्याच्या दुकानावरून गेलो. दुकानात गर्दी होती. मफलर दोन बोटं खाली सरकला होता. मी काचेवर टकटक केली, त्याने बघितलं, आणि पटकन वर ओढला. पण गर्दी बघताना त्याचा चेहरा मी बघितला. महिनाभर थांबा. हा गडी दारात आडवा उभा राहणार.