एक तास पुरे

आचल तुरीचं रोप हातात धरून वावरात उकिडवी बसली, आणि पान उलटून पाहायच्या आधीच तिला कळून चुकलं की हे कशानं झालं. खालची पानं कडेकडेनं करपलेली, मधला भाग पिवळा, शिरा तेवढ्या हिरव्या. अशी पानं तिनं प्रयोगशाळेत शेकड्यांनी मुद्दाम करपवली होती. त्याच्यावरच तर तिला पीएचडी मिळाली होती.

शेजारी तिचे मोठेबाबा उभे होते, वडिलांचे थोरले भाऊ भगवंतराव. मूर्तिजापूरपासून आत त्यांचं हे गाव. पुतणी अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, डॉक्टर आहे, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की लोक त्यांना लांबून पाहूनच रस्ता बदलत. गावाला डॉक्टर ठाऊक ते दोनच प्रकारचे, माणसाचा आणि ढोराचा. ही पानांची डॉक्टरीण म्हणजे नवलच होतं.

"पाह्य पोरी," ते म्हणाले. "बारा तास जवारी, दोन तास तूर, असं सारं वावर पेरलं. जवारी ठणठणीत, अन् तूर पुरी गेली. म्या तं तू सांगतलं तसंच केलं. तू म्हणली, एक तास पुरे. म्या तुरीच्या दोन्ही अंगानं एक-एक तास सोडलं, मंगच फवारा मारला. मंग खोट कुठं आहे? औषधात! कृषी केंद्रवाल्या बशीरनं मले नकली औषध देल्लं."

आचलला तो फोन आठवला.

दोन आठवड्यांपूर्वी त्यांचा फोन आला तेव्हा ती वर्गाच्या दारात उभी होती. आवाज तुटत होता. ज्वारीत तण फार झालंय, ॲट्राझिन मारू का, असं ते विचारत होते. ज्वारीला चालतं, मारा, ती म्हणाली. पाऊस आहे का, तिनं विचारलं. सकाळी पडला, आता उघाड आहे. मग नुसती खरखर, आणि खरखरीतून एवढंच आलं, "...तीन तास सोडून मारू ना?"

"तीन कशाला? एक तास पुरे," असं म्हणून तिनं फोन ठेवला होता.

ती पाऊस उघडल्यानंतरच्या, घड्याळातल्या तासाचं बोलत होती, ते पिकाच्या ओळींचं. वऱ्हाडात ओळीला तास म्हणतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. वडील रेल्वेत, त्यामुळे बालपण भुसावळ-दौंडच्या क्वार्टरांत गेलं, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत ती इथंच असायची. विसरली होती, एवढंच. आणि ज्वारीत दुसरं काही पेरलंय का, हे विचारायचीही या डॉक्टरीणबाईंना फुरसत नव्हती. तूर आहे म्हटल्यावर तिनं मारूच नका म्हणून सांगितलं असतं. हाच प्रश्न ती परीक्षेत पोरांना घालते, आणि चुकलं की लाल पेनानं गोल करते.

आता बोलायला हवं होतं. वावरात दोघंच होती. पण मोठेबाबांच्या चेहऱ्यावर तिच्याबद्दल एवढा भरवसा होता, की तो आपल्या हातानं पुसायला तिची जीभ उचलेना.

"नमुना घेऊन जाते," ती म्हणाली. "तपासून पाहते."

"पाह्य. सोमवारी तालुक्याले अर्ज देतो म्या बशीरच्या नावानं. त्याच्यावर लिहून दे तू, का औषध नकली होतं. तुया सहीचं वजन पडते."

तिनं मान हलवली. होकाराची की नकाराची हे तिलाही सांगता आलं नसतं, पण मोठेबाबांनी ती होकाराची धरली. हे झालं मंगळवारी.

गुरुवारी तिला वर्गात नेमकं तेच शिकवायचं होतं. दैव असं वेळ साधून टोचतं. हरितलवकात डी-वन नावाचं एक प्रथिन असतं, ती सांगू लागली, आणि त्या प्रथिनात एक छोटी जागा असते. उन्हातून मिळालेली शक्ती घेऊन जाणारा एक वाहक रेणू तिथं येऊन बसतो, भार उचलतो, निघून जातो. की दुसरा येतो. ॲट्राझिन काय करतं? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं ते वाहकाच्या आधी जाऊन बसतं. मग वाहकाला जागाच नाही. ऊन मात्र यायचं थांबत नाही. आलेली शक्ती जायला वाट नसते, ती पानातच साचते आणि पान आतून करपतं.

"म्हणजे मॅडम, झाड उपाशी मरत नाही?" एका मुलीनं विचारलं.

"त्याच्या आधीच जळतं. ज्या उजेडावर जगायचं, त्यानंच."

"मग ज्वारी कशी वाचते?"

"ज्वारी ते औषध आपल्या अंगात मोडून निकामी करते. तुरीला ते जमत नाही." एवढं बोलून ती पाणी प्यायली, आणि उरलेला वेळ तिनं आकृती काढण्यात घालवला.

संध्याकाळी मोठ्या आईचा, मोठेबाबांच्या पत्नी पार्वताबाईंचा फोन आला. बुधवारच्या बाजारात मोठेबाबांनी भर गर्दीत बशीरला चोर म्हटलं होतं. "चाळीस साल एका ताटात जेवले दोघं, अन् आता हे," मोठी आई म्हणाली. "लोकं औषधाच्या बाटल्या वापस करून राहिले त्याले. तू लवकर तपास बाई, खरं-खोटं काय ते."

तपासायचं काय होतं? पिशवीतली पानं टेबलावर वाळत पडली होती. औषध नकली असतं तर तूर जगली असती. एकेक करपलेलं पान बशीरच्या इमानदारीचा पुरावा होतं, आणि तो पुरावा वाचता येणारी गावात एकच व्यक्ती होती. तिला स्वतःची लाज वाटली. चूक झाली त्याची नव्हे, तर मंगळवारी वावरात हलवलेल्या त्या मानेची.

रविवारी ती बडनेऱ्याहून गाडीनं निघाली. मूर्तिजापूरला एसटी धरून गावात उतरली आणि आधी बशीरच्या कृषी केंद्रात गेली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. बशीरचाचा काउंटरमागे बसून रिकाम्या खोक्यांना दोरी बांधत होते.

"ये बेटा. रिपोट आणला काय?"

"चाचा, चूक तुमची नाही. माझी आहे. मी तास म्हणजे..."

"मले माहीत आहे," ते म्हणाले. दोरीला गाठ मारूनच त्यांनी वर पाहिलं. "भगवंतभाऊनं फोन याच स्टुलावर बसून लावला होता. इकडून तिकडून सारं आयकू येत होतं. तू एक तास म्हणली, अन् मले खटकलं. टोकायले पायजे होतं म्या. पण म्हटलं, डॉक्टर बोलून राहिली, आपुन दहावी नापास. चूप बसलो."

"मग मोठेबाबांना सांगितलं का नाही तुम्ही?"

"तुयं नाव घेऊन? तो मानूस तुया नावानं छाती फुगवून फिरते." त्यांनी खोकं बाजूला सारलं. "मले सांगून काय फायदा? ज्याले माहीत नाही, त्याले सांग."

मोठेबाबांच्या ओट्यावर अर्ज तयार होता. शेजारचे देवमन आणि पुंजाराम साक्षीदार म्हणून सही करायला आले होते. मोठी आई चहा घेऊन बाहेर आली. आचल चपला न काढता उभ्याउभ्याच बोलली, कारण बसलं तर परत धीर होणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मोठेबाबा, औषध खरं होतं. नकली असतं तर तूर मेली नसती. मी चुकीचं सांगितलं. तुम्ही तास म्हणालात, ते मला घड्याळाचे वाटले."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग देवमनला कळलं आणि तो मांडीवर थाप मारून हसला. "घड्यायाचे! अन् भाऊनं वावरातले सोडले!" पुंजारामही हसू लागला. मोठ्या आईनं पदर तोंडाला लावला. त्या हसण्यात आचलला वाटलं, सुटले बाई एकदाची.

भगवंतराव हसले नाहीत.

"कवा समजलं तुले?"

"मंगळवारी," ती म्हणाली. "वावरातच."

"मंगयवारी." त्यांनी अर्जाची घडी घातली, मग घडीची घडी घातली. "तुरीचं मले काई नाई पोरी. तूर पुढल्या साली पेरता येते. पन म्या बशीरले चोर म्हटलं बुधवारी. तू मंगयवारी बोलली असती, तं बुधवारी माह्या तोंडून तो शब्द निंगाला नसता. काहून नाई बोलली?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. तुमच्या नजरेतून उतरायला मी भ्याले, म्हणून तुमच्या दोस्ताला तुमच्या नजरेतून उतरू दिलं. ती रडू लागली. मोठी आई पुढं झाली, तर मोठेबाबांनी हातानंच तिला थांबवलं.

"आता म्या जातो बशीरकडं. एकटा जातो. त्याच्या पाया पडायचं का काय करायचं, ते माह्यं मी पाहून घेईन." त्यांनी पायात चपला सरकवल्या. "तू बुधवारी ये. जेवढ्या मानसायसमोर म्या बोललो, तेवढ्यायसमोर सांगजो, तुया तोंडानं."

बुधवारी विद्यापीठाची माणसं तिच्या विभागात तपासणीला यायची होती. हे तिच्या ओठांपर्यंत आलं.

"येते," ती म्हणाली.

ते ओटा उतरले. आजवर ती आली की तिच्या डोक्यावर हात ठेवल्याशिवाय ते कधी घराबाहेर पडले नव्हते. आज ते तिच्या अगदी शेजारून गेले, आणि हात खालीच राहिला.