जिओफोनने ऐकलेली ढेकी

माझ्या पोलादी खिळ्यावर, टोकापासून बोटभर वर, एक तिरपी खाच आहे. ती कुदळीच्या घावाची आहे. बाकी खिळ्यावर आता गंज चढला आहे.

मित्रांनो, मी एक जुना जिओफोन आहे. माझ्या पोटात एक चुंबक आणि स्प्रिंगला टांगलेले तारेचे वेटोळे आहे. जमीन हलली की वेटोळे हलते आणि तारेतून वीज वाहते. माझे ऐकणे एवढेच. माणसे खोल छिद्रात दारू ठासून बार उडवतात. तो हादरा पृथ्वीच्या कवचाच्या तळापर्यंत जातो, तिथल्या थरांवर आपटून परततो. परतेपर्यंत तो अगदी क्षीण होतो. तरी मी तो टिपायचो, म्हणून आमच्या सर्वेक्षण पथकात माझे फार कौतुक होते.

चिचगड गावात पथकाच्या प्रमुख अल्का मॅडमनी मला शाळेतल्या मुलांच्या हातात दिले. "याच्याजवळ पाय आपटू नका. मग खालचं काहीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. मुलांनी ते घरोघरी सांगितले.

पुढचा बार छिद्रातून उलटा फुटला. दगड उडाले. जवळच राहणाऱ्या धुरपताबाईंचा बैल कोसळला, त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली. बैलाची तडफड मला जमिनीतून ऐकू आली. ती थांबली तेही ऐकू आले.

त्यानंतरचे छिद्र नेमके त्या भिंतीमागे होते. कवचातला मोठा तडा तिथेच खाली असावा, असा मॅडमचा अंदाज होता. ते छिद्र सोडले, तर कवचाच्या चित्रात ऐन मोक्याची जागा कोरी राहणार. "उद्या बघू," त्या रोज म्हणायच्या.

अखेर एका सकाळी तारा जोडल्या. घर रिकामे करायला माणसे निघाली, तोच हादरा आला. धप्प. धप्प. धुरपताबाई पायाने ढेकी दाबून धान कांडत होत्या.

"एक मिनट रुका ना, बाई!" बार उडवणारा दुर्गाप्रसाद ओरडला.

"काऊन रुकू? तुमचा खिळा ऐकते न? मंग ऐकू दे, माह्या घरी धान कांडून राहिले!"

"भिंत पडली तं बांधून देऊ!"

"अन् माहा बैल? त्याले बी उठवशीन का?"

दुर्गाप्रसादची माणसे दार तोडून आत घुसली. बाईंचा दीर बकाराम कुदळ घेऊन धावला. त्याचा पहिला घाव भिंतीजवळ रोवलेल्या माझ्यावर बसला. आत घुसलेली माणसे बाहेर धावली, मग लाठ्या चालल्या, दगड आले. दुर्गाप्रसाद माझ्या शेजारीच पडला आणि त्याच्या कपाळाचे रक्त माझ्याभोवतीच्या मातीत मुरले. ढेकी थांबली नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी पेटीत पडून आहे. मला पुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. पण पृथ्वीच्या पोटातले ऐकायला निघाल, तेव्हा तिच्या पाठीवर राहणाऱ्यांचे आधी ऐका.

त्या सकाळी दुर्गाप्रसाद डोळ्यावरचे रक्त पुसत उठला. "मॅडम, आता उद्या म्हणू नका. बोला! बार उडवायचा का नाही?"

अल्का मॅडम यंत्राच्या पडद्यावर उमटणारी माझी रेघ बघत होत्या. ढेकीच्या प्रत्येक घावाला ती उसळत होती.

"हा बार उडणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्याही नाही. राहू दे ती जागा कोरी."