साखर गिळणारं भस्म

रविवारी सकाळी दहाला खडकी बाजाराजवळच्या त्या मंगल कार्यालयात उभं राहायलाही जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. व्यासपीठावर श्री मधुहरण महाराज आणि त्यांच्यापुढे पाण्याचा एक पेला.

"या पेल्यात आता आपला मधुमेह विरघळवतो," असं म्हणून महाराजांनी त्यात चमचाभर ग्लुकोज टाकलं आणि लघवीतली साखर तपासायची पट्टी बुडवली. पट्टीवरचा निळा चौकोन हिरवा झाला, मग तपकिरी. सभागृह असं हळहळलं, जणू पेल्यालाच मधुमेह झाला होता.

"घाबरू नका! साखर म्हणजे माया. मायेला हवं कंपन!"

महाराजांनी दोन चमचे पांढरं भस्म टाकलं, सात वेळा 'मधु हर हर' म्हटलं आणि नवी पट्टी बुडवली. निळी ती निळीच राहिली. टाळ्यांनी पंखे हलले.

तिसऱ्या रांगेत पोपटराव बसले होते. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, पंधरा वर्षांचे मधुमेही. शेजारी त्यांची भाची दीक्षा. ती कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायची. "तूच बघ गं काय ते," म्हणून मामींनी, कांताबाईंनी, तिला मुद्दाम बोलावून आणलं होतं.

"महिनाभर रोज या भस्माच्या तीन पुड्या घेतोय," मामा म्हणाले. "गोळ्या बंद. घरी माझी पट्टीसुद्धा निळीच येते."

"आणि पायाच्या अंगठ्याची जखम?"

"बूट चावलाय."

"महिनाभर चावतोय?"

मामांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

दीक्षा मात्र गोंधळली होती. ही पट्टी ज्या एन्झाइमवर चालते, ते ती अकरा वर्षं शिकवत होती. पट्टी मंत्रानं फसत नाही, हे तिला ठाऊक होतं. मग ती फसली कशानं? घरी आल्यावर तिनं मामांची एक पुडी उघडली आणि बोटाच्या टोकानं चाखली. दात आंबले. दीक्षा एकटीच मोठ्यानं हसली.

दुसऱ्या दिवशी मामांना समजावून, मामींना दटावायला लावून तिनं त्यांचं रक्त तपासून घेतलं. साखर तीनशे चाळीस.

"यंत्र बिघडलं असेल," मामा म्हणाले. "महाराज सांगतात, रक्त खोटं बोलतं."

"अहो, रक्त खोटं आणि लघवी खरी? लाज वाटू द्या जरा!" मामी कडाडल्या.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच पेला, तीच पट्टी, तेच कंपन. टाळ्या थांबायच्या आत दीक्षा उठली.

"महाराज, पेल्यातली साखर गेली?"

"समूळ!"

"मग एक घोट घेऊन दाखवा ना."

महाराजांनी डोळे मिटले. "आम्ही अन्नपाणी सोडलेलं आहे."

"मी नाही सोडलेलं," म्हणत कांताबाई व्यासपीठावर चढल्या. कोणी अडवायच्या आत त्यांनी घोट घेतला. "अगं बाई, हे तर लिंबाचं सरबत! चांगलं गोडमिट्ट!"

कार्यालयात हशा पिकला. पोपटराव लंगडत पुढे गेले, त्यांनीही घोट घेतला आणि पेला हातात धरून तसेच उभे राहिले. साखर कुठेच गेली नव्हती.

दीक्षानं पिशवीतून ग्लुकोज आणि पांढऱ्या पावडरची डबी काढली. डबीवर लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचलं, 'क जीवनसत्त्व'. दुसऱ्या पेल्यात तिनं दोन्ही ढवळलं. मंत्र म्हटला नाही. पट्टी निळीच राहिली.

"हे कसं होतं?" मागून एक आजोबा ओरडले.

"सोपं आहे, आजोबा. पट्टीवरच्या एन्झाइममध्ये फ्लेव्हिन नावाचा एक पिवळा रेणू असतो. तो कुरिअरवाला समजा. तो ग्लुकोजकडून दोन हायड्रोजन उचलतो आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला पोचते करतो. हात मोकळे झाले की चालला पुढच्या ग्लुकोजकडे. दर खेपेला हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ती पोचपावती. ती पावती पाहून पट्टीवरचा रंग बदलतो. महाराजांचं भस्म म्हणजे हेच क जीवनसत्त्व. ते ही पावतीच मधल्यामध्ये खाऊन टाकतं. साखर तशीच, फक्त पट्टीला पत्ता लागत नाही. पुड्या खाल्ल्या की जास्तीचं जीवनसत्त्व लघवीतून जातं, म्हणून घरीही पट्टी निळी."

"जिथं विज्ञान संपतं," महाराज गरजले, "तिथून आमचं..."

"विज्ञान अजून अकरावीच्या पुस्तकातच आहे, महाराज," दीक्षा म्हणाली. "संपायला वेळ आहे."

महाराजांना तेवढ्यात एक तातडीचा फोन आला. ते मागच्या दारानं गेले, ते पुन्हा खडकीत दिसले नाहीत.

सोमवारी पोपटराव स्वतःहून डॉक्टरांकडे गेले. "आणखी आठवडा गेला असता तर अंगठा कापावा लागला असता," डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, काही दिवस इन्सुलिनही घ्यावं लागलं. जखम भरायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस मामींनी त्यांना रोज ऐकवलं, त्याला मात्र औषध नव्हतं.

त्या कार्यालयात कोणी अडाणी नव्हतं. डोळ्यांना दिसलं ते सगळ्यांनी खरं मानलं, एवढंच. पण डोळ्यांना दिसतो तो रंग. तो का बदलला किंवा का बदलला नाही, हे विचारावं लागतं. तेव्हा कोणी चमत्कार दाखवला तर जरूर बघा, टाळ्याही वाजवा. फक्त त्याच्या भरवशावर औषध बंद करू नका. आधी तीच गोष्ट दुसऱ्या रीतीनं तपासा. जे खरं असेल, ते दुसऱ्यांदाही खरंच निघेल.