केळीच्या खोलीतली बहीण

वसईजवळच्या सांडोर गावात बर्नार्डकडे त्या रविवारी सकाळपासून धांदल होती. चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे लगबगीने परतले होते. ओटा धुऊन झाला होता, शेजारून मागून आणलेल्या चार खुर्च्या पुढच्या खोलीत मांडल्या होत्या. साल १९७८. शाळेत शिकवणाऱ्या धाकट्या लिडियाला बघायला भुईगावहून माणसं येणार होती. सगळं जागच्या जागी लागलं होतं, एकच वस्तू हलवायची राहिली होती. ती वस्तू म्हणजे क्लेमेंटीन.

वस्तू म्हटलं म्हणून रागावू नका. त्या दिवशी त्या घरात तिची गणती तशीच होती.

क्लेमेंटीन थोरली, चौतीस वर्षांची. तेविसाव्या वर्षी सांधेवाताने तिला धरलं. आधी बोटं वाकडी झाली, मग मनगटं गेली, मग गुडघे. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुखणं बरं होणार नाही, पण ते कुणाला लागतही नाही. घरच्यांनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. लिडियाला स्थळं येऊ लागली तशी, 'थोरली मालाडला मावशीकडे असते,' असं सांगायचा शिरस्ता पडला. झाकली मूठ सव्वा लाखाची!

"थोडा वेळच गं बाय," आई अँजेलिना म्हणाली. "पावनं गेले का लगेच भायेर आनते तुला."

"मागच्या खेपेला पन थोडाच वेळ होता, आये. केळी पिकवायच्या धुरीचा वास चार दिवस केसांतून गेला नाय."

"मग काय करू? लिडियानं बी जन्म हितंच काढायचा?"

लिडियावर क्लेमेंटीनचा जीव होता. लिडियाच तिला न्हाऊ घालायची, तिची वेणी घालायची. आईबापांनी खुर्चीसकट उचलून तिला मागच्या केळी पिकवायच्या खोलीत ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

आत अंधार, कोंदट ऊब आणि पिकत्या घडांचा गोड वास. पुढे कपबश्या वाजत होत्या, कुणीतरी हसत होतं. दुखण्याशी तिने केव्हाच जमवून घेतलं होतं, रोज भांडणाऱ्या शेजारणीशी जमवतात तसं. पण आपण या जगात नाहीच, असं आपल्याच माणसांनी ठरवावं? अकरा वर्षांत तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. कुणीतरी आपलं नाव घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

आता बर्नार्डची अक्कल पाहा. येणारे पाहुणेही वाडीवाले, केळीवर जगणारे. आणि माणूस लपवायला याने जागा निवडली ती केळीचीच! मुलाची, फ्रेडरिकची आई पॉलिनबाई परसात हात धुवायला आली, तिला पिकल्या केळ्यांचा वास आला, आणि घड कसे धरलेत ते बघायला तिने सहज दार उघडलं.

"अगं बाय! कोन तू?"

"क्लेमेंटीन. लिडियाची मोठी बहीन."

"मोठी तर मालाडला..." पॉलिनबाईचं लक्ष वाकड्या बोटांकडे गेलं. तिने दार आतून लोटलं आणि आवाज खाली आणला. "घरोघरी मातीच्या चुली, पोरी. माझ्या थोरल्याला, युजीनला, फेफरं येतं. आज त्याच्या खोलीला भायेरून कडी लावून आलेय. तू गप ऱ्हा. मी पन काय पाह्यलं नाय. पोरगी चांगली हाय, लगीन होऊन जाईल."

लग्न होऊन जाईल! फक्त गप्प राहायचं होतं. क्लेमेंटीनला रडू कोसळलं, कारण गप्प राहावं असं तिला मनापासून वाटत होतं. मग तिच्या डोळ्यांपुढे ती भुईगावची कडी आली.

"माझी बहीन तुमच्या घरी आली, का ती कडी तिनं लावायची ना?" तिने विचारलं.

पॉलिनबाई घडांवरचा पाला सारखा करू लागली.

"लिडिया!" क्लेमेंटीनने होता नव्हता तेवढा आवाज काढला. "मला भायेर ने!"

पुढच्या खोलीत कपबश्या खाली ठेवल्या गेल्या. "शेजारची हाय कुनीतरी," बर्नार्ड म्हणाला. लिडियाने बापाकडे पाहिलं, उठली, मागे गेली आणि खुर्ची ओढत ओढत पाहुण्यांसमोर आणली.

"मी क्लेमेंटीन. आजारी हाय, मेलेली नाय."

युजीनचं नाव तिने घेतलं नाही. ते त्याच्या आईने घ्यायचं होतं. मागोमाग आलेली पॉलिनबाई भिंतीकडे बघत राहिली.

मंगळवारी निरोप आला: रक्तात रोग असलेलं घर आम्हाला नको. हे कुणी म्हणावं!

बर्नार्डने थोरलीशी बोलणं टाकलं. लिडिया नेहमीसारखी वेणी घालायची, पण मुकाट्याने. एकदा तिचे हात मध्येच थांबले. "तू बोललीस ते खोटं नव्हतं, ताई. पण मला फ्रेडरिक आवडला होता." कुणाचं तरी सुख आपल्यामुळे मोडलं, हे दुखणं क्लेमेंटीनला सांध्यांच्या दुखण्याहून वाईट वाटलं.

तरी ती आईला खुर्ची बाहेर ओढायला लावून रोज ओट्यावर बसू लागली. आत न्यायला कुणी आलं की मान हलवून नाही म्हणायची. येणारे-जाणारे खाली बघत निघून जात. उजेडातही माणूस एकटं असतं, हे तिला तिथे कळलं. वाचणाऱ्यांनो, आपण त्या रस्त्याने गेलो असतो तर वर पाहिलं असतं का?

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी फाटकापाशी चाळिशीचा एक गृहस्थ उभा राहिला. कपाळावर जुन्या जखमेचा वण होता.

"क्लेमेंटीनबाय तुमीच ना? मी युजीन, भुईगावचा. आई घरात तुमच्या नावानं बोटं मोडत होती, ती बया सोताच पुढं येऊन नाव सांगते म्हनून. मी दाराआडून ऐकलं."

"आनि कडी?"

"फ्रेडरिकनं काढली. लिडियाबायला सांगा म्हनाला, पुढच्या रविवारी तो येनार हाय. मला मात्र तुमाला भेटायचं होतं."

"एकटे आलात? वाटेत फेफरं आलं असतं तर?"

"आलं असतं तर लोकांनी पाह्यलं असतं," युजीन म्हणाला.

आईने घाईघाईने दार उघडलं आणि पाहुण्याला आत यायची खूण केली.

"नको आये," क्लेमेंटीन म्हणाली. "त्यांची खुर्ची हितंच आन. रस्त्यावरून दिसेल अशी ठेव."