कडूबाईचं पाणी, बायनाबाईची जमीन

जिंतूरच्या आमच्या हातमागाच्या कारखान्यात निजामाच्या काळी गालिचे विणले जायचे. आता चित्रकार चित्र काढून देतात आणि आम्ही ते भिंतीएवढं विणून देतो. कारखाना मी सांभाळतो. धागे सांभाळणं सोपं, माणसं सांभाळताना नाकी नऊ येतात.

यंदा पुण्याच्या भक्तीताईंनी येलदरीचं चित्र दिलं. डावीकडे धरणाचं पाणी, उजवीकडे काळी जमीन. एवढ्या रुंद कामाला दोघींनी शेजारीशेजारी बसावं लागतं. पाणी कडूबाईकडे आलं, जमीन बायनाबाईकडे. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी, पण दिवाळीपासून अबोला. बायनाबाईचा नवरा वारला तेव्हा कडूबाई भेटायला गेली नाही, एवढंच मला ठाऊक.

जिथे दोन रंग भेटतात तिथे एकीनं आपला धागा दुसरीच्या धाग्यात अडकवायचा असतो. त्यासाठी 'दे' म्हणावं लागतं, 'घे' म्हणावं लागतं. या दोघी मात्र आपापला धागा हद्दीवरूनच माघारी वळवत राहिल्या. मी कामासाठी परभणीला काय गेलो, पाणी आणि जमिनीच्या मध्ये हात जाईल एवढी फट पडली.

परत आल्यावर ते पाहून मी दोघींवर तोंडाचा पट्टा सोडला. तेवढ्यात भक्तीताई काम बघायला आल्या. आता कंबख्ती भरली, म्हटलं. पण त्यांनी फटीत बोटं घालून पाहिली आणि त्या हरखल्या.

"असंच राहू द्या. जमीन तडकल्यासारखी दिसते. माझ्या चित्रात हेच कमी होतं."

माझा जीव भांड्यात पडला. बायनाबाई मात्र उठून उभी राहिली.

"ताई, जमीन तडकली न्हाई. आमी दोघी बोलत न्हाई म्हणून फट पडली. ती तुमी भिंतीवर टांगून लोकायला दाखवनार?"

भक्तीताईंनी फटीतली बोटं बाहेर काढली. मग म्हणाल्या, "नको. उसवा."

माझं डोकं फिरलं. दोघी उसवायला बसल्या. बऱ्याच वेळानं बायनाबाईनं मान खाली घालूनच विचारलं, "का आली न्हाईस?"

"आले व्हते गं. तुज्या दारापरेंत आले. तुजं मोकळं कपाळ बघायची हिंमत झाली न्हाई. तशीच माघारी गेले."

बायनाबाईचा हात थांबला.

"आन् मी ते एकटीनं बघावं व्हय, रोज आरशात?"

असं म्हणून तिनं तोंड वर केलं. कडूबाईचे डोळे भरून आले, पण तिनं नजर खाली केली नाही.